पायाळूचा खुबा

पाठीच्या दुखण्यांवर संशोधन करणाऱ्या बाईच्याच पाठीत उसण भरावी, ही देवाने केलेली चेष्टाच म्हणायची. डॉ. कुमुदिनी टिपणीस आठवडाभर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात अस्थिविभागात काम करायची आणि रविवारी अंबरनाथला घराच्या ओटीवर आसपासच्या गावांतले रोगी तपासायची. कुणाचा मणका क्षयाने पोखरलेला, कुणाची कंबर भातलावणीत धरलेली. येईल त्याला ती बजावून सांगायची, की ओझं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे दुमडा. आणि एका रविवारी सकाळी, रोगी यायच्या आत, धुण्याची बादली उचलायला ती स्वतः कमरेतून वाकली आणि वाकलेलीच राहिली.

तिचे यजमान दिनानाथ कारखान्यात अधिकारी होते. त्यांनी काळजीने विचारलं, की तू अशा वेळी रोग्यांना काय देतेस? कडक अंथरुणावर पडून राहायला सांगते, असं कुमुदिनी जमिनीकडे बघत म्हणाली. पण पडून राहायला आधी पडता आलं पाहिजे, तेच जमेना. सासूबाईंनी या चर्चेत भाग घेतला नाही. त्यांनी परस्पर टांगा पाठवून बदलापूरजवळच्या एका गावातून गोदूबाईला बोलावणं धाडलं.

गोदूबाई पायाळू होती. म्हणजे जन्माला येताना डोक्याने न येता पायाने आलेली. अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुमुदिनीने विरोध करून पाहिला. दोन पदव्या घेतलेल्या बाईला घरातल्या माणसांदेखत लाथा खायला लावणं बरं दिसतं का, असंही विचारलं. पण काटकोनात उभ्या असलेल्या माणसाच्या बोलण्याला वजन ते किती असणार? अखेर तिला कसंबसं माजघरात चटईवर पालथं निजवलं, तोंड कपाटाच्या आरशाकडे वळवून.

त्या आरशाने सगळा घोटाळा केला. गोदूबाई आत आली तीच एका अंगाला झोके देत. चाळिशी ओलांडलेली, काळीसावळी, आटोपशीर नेसलेलं आखूड लुगडं, आणि चेहऱ्यावर भटजीच्या चेहऱ्यावर असतो तसा कामाचा दरारा. तिने डाव्या पायावर भक्कम उभं राहून उजवा पाय कुमुदिनीच्या कमरेला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. पाय हलकाच लागला, गार होता. कुमुदिनीचं लक्ष मात्र पाठीकडे नव्हतं. आरशात दिसणारा तो उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड होता.

"आता दुसरा पाय लावून बघा," ती म्हणाली.

"त्या पायाला गुन नाय, बाय," गोदूबाई म्हणाली.

कुमुदिनीने हट्ट धरला. नाइलाजाने गोदूबाईने पाय बदलला. ती उजव्या पायावर उभी राहिली मात्र, तिच्या कंबरेची डावी बाजू खचकन खाली झुकली, अंग उजवीकडे कललं आणि पडू नये म्हणून तिने कपाटाचा कोपरा पकडला. खुब्याची तपासणी करताना अस्थिवैद्य रोग्याला हेच करायला सांगतात: एका पायावर उभं राहा, मग दुसरा. ज्या बाजूचा खुबा जागेवर नसतो, त्या पायावर भार आला की कंबर अशी दगा देते. कुमुदिनी ताडकन उठून बसली. उसण लाथेने गेली की कुतूहलाने, हे अजून ठरायचं आहे. सासूबाईंच्या मते तो प्रश्नच उद्भवत नाही.

ती गोदूबाईला समोर बसवून विचारत सुटली. कधीपासून लंगडता? पडला होतात का? ताप आला होता? गोदूबाईला कळेना, की पाठ हिची दुखत होती आणि चौकशी माझी का? ती लहानपणापासूनच अशी होती, चालायला लागली तीच अशी. आणि हो, कंबर दुखते, पाठ तर रोजच दुखते, आताशा मांडी घालून बसवत नाही. मग पायाळूची पाठ दुखली तर पायाळू कुणाकडे जाते, असं कुमुदिनीने विचारलं तेव्हा गोदूबाई पहिल्यांदा हसली. सोताचा पाय सोताच्या पाठीला कसा पोचंल, म्हणाली. आजवर तिच्या पायाला लोकांनी नमस्कार केला होता, त्या पायाला काय होतंय हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणूनच बहुधा ती मुंबईला क्ष-किरणांचा फोटो काढून घ्यायला तयार झाली.

फोटोत सगळं उघड झालं. उजव्या मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्याच्या वाटीत नव्हतंच. ते वाटीच्या वर, कंबरेच्या हाडाला टेकून बसलं होतं आणि तिथेच वर्षानुवर्षं घासत होतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, शहाळ्यातल्या मलईसारखी पांढरी, गुळगुळीत गादी. ती फोटोत दिसत नाही, दोन हाडांमधल्या रिकाम्या फटीवरून ओळखायची. गोदूबाईच्या फोटोत फट नव्हती. गादी केव्हाच झिजून गेली होती आणि हाडावर हाड दळत होतं. आखूड पायाला सांभाळून घेण्यासाठी मणकाही वेलासारखा एकीकडून दुसरीकडे वळला होता. अशी पाठ घेऊन ही बाई इतरांच्या पाठी बऱ्या करत हिंडत होती. कुमुदिनीला फोटो बघताना भरून आलं आणि त्याच क्षणी डोक्यात किडाही वळवळला: खुबा आईच्या पोटातच निसटला असेल का? पायाने जन्मणं आणि लंगडणं ही एकाच दुखण्याची दोन टोकं असतील का?

त्यानंतर पायाळूंचा शोध सुरू झाला, आणि त्याने अंबरनाथ ते बदलापूर बोभाटा झाला. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, हीही एक जुनी समजूत. शिकलेली डॉक्टरीण गावोगाव पायाळू शोधत फिरते म्हटल्यावर लोकांनी दोन आणि दोन पाच केले. शिवमंदिराच्या मागे हंडा लागलाय, टिपणीसांच्या सुनेला त्याचा वास लागलाय, अशी वदंता उठली. तिच्या ओटीवर भलतेच लोक येऊ लागले. एक गृहस्थ तर भागीदारीची बोलणी करायला आला. जयदेव नावाचा एक धडधाकट तरुण मी पायाळूच म्हणून तीन रविवार येत राहिला. चौथ्या रविवारी त्याची आई आली आणि तो सरळ डोक्याने आल्याचं सांगून त्याला कानाला धरून घेऊन गेली.

पण खरेही सापडले. एका पाड्यावरची म्हातारी, वीटभट्टीवरचा एक मजूर, शाळेत जाणारी एक मुलगी. यांतले बरेच लंगडत होते. उल्हासनगरच्या छावणीतल्या सिंध्यांतही हाच रिवाज असल्याचं कळल्यावर ती तिथेही गेली. बराकीच्या तोंडाशी सायकलींचं दुकान टाकलेला परचोमल पायाने जन्मला होता आणि सिंधमध्ये असताना गावच्या पाठी त्यानेच सांभाळल्या होत्या. "लात मारूँ क्या, डॉक्टर साहिबा?" त्याने अदबीने विचारलं. कुमुदिनीने आधी त्याला एका पायावर उभं केलं, मग दुसऱ्या. परचोमल बगळ्यासारखा ताठ राहिला, वर दोन्ही पायांवर उड्याही मारून दाखवल्या. तिचा चेहरा पडला. मग घरी येताना तिचं तिलाच हसू आलं. सगळेच पायाळू लंगडतात असं कुठे म्हटलं होतं? इतरांपेक्षा जास्त लंगडतात, एवढंच तर म्हणायचं होतं.

विभागाचे प्रमुख डॉ. गुरुदत्त बिजूर यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस सज्जन, पण शंकेखोर. ताक असलं तरी फुंकून पिणारा. ते म्हणाले, "टिपणीसबाई, हे सगळे मोठे झालेले लोक. जन्माच्या वेळी काय झालं ते ऐकीव. आधी मूल लंगडं निघालं आणि मग लोकांनी त्याला पायाळू ठरवलं, असं नसेल कशावरून?"

हे कुमुदिनीला सुचलं नव्हतं, आणि सुचायला हवं होतं. बिजूरांचं म्हणणं एवढंच, की जन्मतःच सापडलेलं एक पायाळू मूल हवं, खुबा निसटलेलं, आणि जन्म पाहिलेल्या सुइणीची साक्ष हवी. तसं मूल मिळालं तर ते स्वतः गावात येऊन खात्री करतील आणि वार्षिक परिषदेत निबंध तिच्या नावाने वाचायला लावतील. विभागात तोवर बाईमाणसाच्या नावाने एकही निबंध वाचला गेला नव्हता. आता सगळं एका मुलावर येऊन थांबलं.

ते मूल गोदूबाईच्याच घरात आलं. तिचा मुलगा हरिचंद्र एका दुपारी सायकल मारत अंबरनाथला आला. बायको वेणू काल बाळंत झाली, मुलगी झाली, आणि आईने तुम्हाला गुपचूप बोलावलंय, इतकंच त्याला ठाऊक होतं. गुपचूप का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडला होता. वेणू भिंतीकडे तोंड करून निजली होती. सुईण कौसाबाई आणि गोदूबाई, दोघींनीच बाळंतपण केलं होतं. पोर पायाने आली, कौसाबाई दबल्या आवाजात म्हणाली. आधी पाय दिसले, मग ढुंगण, डोकं सगळ्यांच्या शेवटी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. गोदूबाईचा चेहरा मात्र उजळलेला होता. पाचवीच्या दिवशी, सटवाईची पूजा झाली की मगच ती गावाला सांगणार होती, की आपल्या मागे गादी चालवणारी आली.

मुलीला तेल लावून, पाय ओढून सरळ करून, काठीसारखं घट्ट गुंडाळलं होतं. त्या घरात सगळ्याच मुलांना तसं बांधत, पाय सरळ वाढावेत म्हणून. कुमुदिनीने कापड सोडलं. हात शेगडीवर ऊन केले. गुडघे दुमडून तिने मांड्या हळूच बाजूला केल्या. डावी सहज गेली. उजवी थोडी अडली आणि मग बोटांखाली 'खट्' झालं. कानाला ऐकू आलं नाही, बोटांना कळलं. निसटलेलं डोकं वाटीत शिरलं होतं.

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, लॉटरी लागावी तसा झाला. आणि पुढच्याच क्षणी समोरच्या बाईच्या पायाकडे लक्ष गेलं आणि स्वतःची लाज वाटली.

तिने दोघींना समजावून सांगितलं. खुबा निसटलेला आहे, पण आत्ता जागेवर जातो. तो तिथे राहू दिला तर वाटी त्याच्याभोवती नीट घडेल. पाय सरळ बांधायचे नाहीत. मांड्यांमध्ये जाड घडी ठेवून ते बेडकासारखे फाकलेले ठेवायचे, आणि मान धरली की पोरीला कडेवर घ्यायचं, पाय दोन्हीकडे टाकून. आणि मुख्य म्हणजे कुणीही तिचे पाय ओढायचे नाहीत. पायाळू पोर म्हणून कुणाच्या पाठीला लावायचे नाहीत. इथे कौसाबाई चुळबुळली, कारण पायाळू तान्ह्या मुलाचा पाय जास्त गुणाचा मानतात आणि बाराव्या दिवसापर्यंत दारात रांग लागते.

"आन् नाय केलं तं?" गोदूबाईने विचारलं.

कुमुदिनीने फक्त गोदूबाईच्या उजव्या पायाकडे बघितलं. गोदूबाईने पोरीच्या पायांवर कापड ओढलं. मग म्हणाली, "पाय बरा जाला तं गुन जाईल?"

"गुणाचं मला माहीत नाही," कुमुदिनी म्हणाली. "पाय बरा होईल, एवढं सांगते."

बिजूरांना तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. फोटो का नाही काढला, हे त्यांना विचारावं लागलं नाही. तान्ह्या मुलाच्या खुब्याचं डोकं सगळं कूर्चेचंच असतं, फोटोत तिथे काहीच दिसत नाही. तेव्हा पुरावा दोनच गोष्टींचा: कुमुदिनीच्या बोटांना लागलेला तो झटका आणि सुइणीचा शब्द. पहिल्यावर मी विश्वास ठेवतो, दुसरा मला माझ्या कानांनी ऐकू द्या, बिजूर म्हणाले. मुलगी चालायला लागली की जाऊ, म्हणजे पायही बघता येईल. कुमुदिनीने निबंध लिहायला घेतला आणि त्या मुलीला अगदी मधोमध बसवलं.

मुलीचं नाव सखू ठेवलं. दर महिन्याला गोदूबाई तिला ओटीवर दाखवायला आणायची. आधी मांड्यांमध्ये लुगड्याची घडी, नंतर कडेवर. वेणू शेतावर जाई, म्हणून दिवसभर पोर आजीच्याच अंगावर. झिजलेल्या खुब्यावर एवढा भार घेऊन चालणं म्हणजे काय, हे कुमुदिनीला फोटो बघून ठाऊक होतं. तिने एकदा सुचवलं, की मधूनमधून वेणूला घेऊ द्या. त्यावर वेणू तिला खाली ठेवून देते, गोदूबाई म्हणाली, आणि विषय संपवला.

दीड वर्ष होत आलं तेव्हा बिजूर गोदूबाईच्या गावी आले. पांढरी पॅन्ट, सोला हॅट, हातात छत्री. टांगा गावात शिरला तसा मागे गाव निघाला. गुप्तधनाची आठवण लोकांना अजून होती आणि आता तर मुंबईहून साहेबच आलेला. अंगणात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. सखू मधोमध उभी होती, कंबरेला करगोटा आणि नाकाला शेंबूड. बिजूरांनी तिला चालवलं, पळवलं, उताणी निजवून पाय सगळ्या दिशांनी फिरवले. मग ते उठले आणि कुमुदिनीला म्हणाले, की हा खुबा निर्दोष आहे. बोलण्यात कौतुकही होतं आणि प्रश्नही. खुबा निसटला होता हे त्यांनी तिच्या शब्दावर मानलं होतं, पण पोर पायाने आली हे कोण सांगणार?

सुइणीला पुढे बोलावलं. बिजूर सावकाश, स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, ही मुलगी जन्मली तेव्हा आधी काय बाहेर आलं? पाय की डोकं?"

कौसाबाईने गोदूबाईकडे बघितलं नाही. समोर बघत म्हणाली, "डोका. समद्यांचा येतो तसा."

कुमुदिनीला वाटलं, म्हातारी गर्दीला घाबरली. तिने पुढे होऊन आठवण करून दिली, त्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतंत? कौसाबाईने मान हलवली. तेवढ्यात गर्दीतला एक जण मदतीला धावला. आमच्या गावात पायाळू एकटी गोदूबाय, साहेब, तो म्हणाला. नात डोक्याने आली हे तिने पाचवीलाच सांगितलं, आम्हाला तर वाईट वाटलं होतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बिजूर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "टिपणीसबाई?"

आता तिने तोंड उघडायचं होतं. मी स्वतः त्या खोलीत होते, माझ्या देखत बोलणं झालं, दोघी खोटं बोलताहेत. एवढं ठासून सांगितलं असतं तर बिजूरांनी तिचंच खरं मानलं असतं. ते तिच्या शब्दाला मान देत. पण ते वाक्य या अंगणात, एवढ्या कानांदेखत उच्चारावं लागलं असतं. तिने गोदूबाईकडे पाहिलं. दारातल्या खांबाला धरून ती उभी होती आणि तिचा तो दरारा पार उतरला होता. गोदूबाई घाबरलेली कुमुदिनीने तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल," कुमुदिनी म्हणाली. "धुरात, घाईत... मी तेच समजून बसले."

"मग ही केस काढावी लागेल."

"काढते."

आणि ती केस काढली की निबंधात काय उरतं, हे दोघांनाही माहीत होतं. बिजूरांनी हॅट घातली. ते हात धुवायला विहिरीकडे गेले आणि त्यांच्यामागे गावही गेलं. कुमुदिनीला रडू येत होतं, ते तिने येऊ दिलं नाही, पण राग तिला आवरला नाही. गोदूबाईजवळ जाऊन तिने विचारलं, की मला आधी का नाही सांगितलंत? दीड वर्ष माझ्या ओटीवर येत होतात.

"तुजं काम बुडालं, कललं मला," गोदूबाई म्हणाली. "पन सांगितलं असतं तं तू मला समजावलं असतंस. तू लय ग्वाड समजावतेस."

"पण पायाळू असणं तुमच्यासाठी तर मानाचं होतं ना? गादी चालवणारी आली म्हणून किती खूश होता तुम्ही."

गोदूबाईने खांब सोडला आणि चांगल्या पायावर भार टाकून उभी राहिली. "बाय, मला ता गुन लागत व्हता. लंगडीला कोन दारात उभी करतंय? पायाळू म्हून लोकांनी घरात घेतली, पाट मांडला, पाया पडले. पोरीचा पाय सरल जाला. तिला आता ता कशाला पायजे? तिला नुसती पोर ऱ्हाऊ दे."

विहिरीकडून रहाटाचा आवाज येत होता. अंगणात सखू एका कोंबडीच्या मागे लागली होती, पडत होती, उठत होती, परत धावत होती. कुमुदिनी डॉक्टरच्या सवयीने तिच्या चालीकडे बघत राहिली. खुबा निसटला होता तो पाय कोणता, हे चालीवरून तिला स्वतःलाच ओळखता येईना.